लेबर कोर्टाचा निवाडा आणि राज्यघटनेचा दरवाजा

(१ मे २०२४ रोजी महाराष्ट्र दिन व कामगार दिनानिमित्त मंडळाच्या कायदा-सल्ला केंद्रातर्फे झालेले भाषण)



१ मे रोजी आपण महाराष्ट्र दिन साजरा करतो. हाच दिवस कामगार दिनही असतो, पण त्याची आठवण बहुधा ओझरती होते. इंदूरमध्ये तरी तसे व्हायला नको. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याणमल, भंडारी या गिरण्यांच्या भोंग्यावर हे शहर एके काळी उठत होते आणि निजत होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री आपण मुलाबाळांना घेऊन ज्या झाँक्या पाहायला जातो, ती परंपरा या गिरण्यांचीच. गिरण्यांची धुराडी थंड पडली, तरी कामगारांनी झाँक्या बंद पडू दिल्या नाहीत.

नाताळच्या दिवशी, म्हणजे २५ डिसेंबर २०२३ रोजी, हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकीत देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. मिल बंद पडल्याला तेव्हा तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. पैसे घ्यायला कित्येक घरांतून विधवा आल्या, मुले आली, नातवंडे आली. ते प्रकरण बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या कायद्याखालचे होते, साध्या लेबर कोर्टाचे नव्हते. पण त्या दिवसापासून आमच्या केंद्रात येणाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न वाढला आहे: "साहेब, लेबर कोर्टात वेळ कशाला घालवायचा? सरळ हायकोर्टातच रिट टाकू या ना?"

या प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही. म्हणून मंडळाने आम्हाला आजचा दिवस दिला, याबद्दल आभारी आहोत.

आधी दरवाजे कोणते ते पाहू. आपल्या राज्यघटनेत नागरिकाला न्यायालयात नेणारी तीन कलमे आज आपल्या कामाची आहेत. कलम ३२ खाली मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. संविधान सभेत ९ डिसेंबर १९४८ रोजी बोलताना डॉ. आंबेडकरांनी या तरतुदीला राज्यघटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. कलम २२६ खाली उच्च न्यायालय रिट काढू शकते, आणि तेही केवळ मूलभूत हक्कांसाठी नव्हे, इतर कारणांसाठीही. कलम २२७ खाली उच्च न्यायालय आपल्या हद्दीतल्या सर्व न्यायालयांवर आणि न्यायाधिकरणांवर देखरेख ठेवते. लेबर कोर्टही त्यात आले.

या दरवाजांनी कामगारांसाठी मोठी कामे केली आहेत. १९८२ च्या एशियाडसाठी दिल्लीत बांधकामे चालू होती. तिथल्या मजुरांना किमान वेतन मिळत नाही, अशी तक्रार एका संघटनेने पत्राने केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका केली आणि सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे कलम २३ ने बंदी घातलेली वेठबिगारीच. त्यानंतर लवकरच हरियाणातल्या दगडखाणींमधल्या वेठबिगारांचे प्रकरणही असेच एका पत्रातून उभे राहिले. या दोन्ही प्रकरणांतले मजूर लेबर कोर्टाची पायरी चढू शकतील अशा स्थितीत नव्हते. त्यांच्यासाठी राज्यघटना स्वतः खाली उतरली.

पण आपल्याकडे येणारा माणूस बहुधा तसा नसतो. तो एखाद्या कारखान्यात दहा-बारा वर्षे काम केलेला, कारणे दाखवा नोटीस मिळालेला, मग बडतर्फ झालेला असतो. मालक खाजगी असतो. अशा मालकाविरुद्ध, तो सरकार नाही आणि सार्वजनिक कर्तव्य बजावणारी संस्थाही नाही, म्हणून थेट रिट सहसा चालतच नाही. मालक सरकारी असला, तरी वाद औद्योगिक विवाद कायद्यातला असेल तर उच्च न्यायालय म्हणते, त्या कायद्याने दिलेल्या मार्गाने आधी जा. उत्तर प्रदेश राज्य सेतू निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हेच स्पष्ट केले.

म्हणजे मार्ग लेबर कोर्टातूनच जातो. आणि इथे आम्हाला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. लेबर कोर्ट हे हायकोर्टाच्या वाटेवरचे एखादे नाके नाही. काही बाबतींत त्याचे हात हायकोर्टापेक्षाही लांब आहेत.

औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात १९७१ साली कलम ११-अ आले. त्याने लेबर कोर्टाला अधिकार दिला की बडतर्फीचा पुरावा स्वतः तपासावा, शिक्षा जास्त वाटली तर ती कमी करावी, माणसाला कामावर परत घ्यायला लावावे. रिटमध्ये हायकोर्ट एवढ्या खोलात सहसा जात नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातले आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने कर्नाटक सरकारच्या प्रकरणात सांगितले की नियमबाह्य भरती झालेल्या हंगामी नोकरांना रिटच्या अधिकारात कायम करण्याचा आदेश न्यायालयांनी देऊ नये. त्या निकालानंतर वर्षानुवर्षे हंगामी राहिलेल्या माणसांचा धीर सुटला. पण २००९ साली महाराष्ट्रातल्या एसटी महामंडळाच्या सफाई कामगारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मालक माणसाला कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षे हंगामी ठेवत असेल, तर ती अनुचित कामगार प्रथा ठरते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली ती थांबवण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार २००६ च्या निकालाने गेलेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. जे रिटमध्ये मिळाले नसते ते खालच्या न्यायालयात मिळाले. अनुचित प्रथांची अशीच यादी केंद्राच्या १९४७ च्या कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत होती, म्हणजे ती मध्य प्रदेशातही लागू होती. "सरळ हायकोर्टात जाऊ" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता लेबर कोर्टाने निवाडा दिला असे धरू. तो विरुद्ध गेला, तर त्या निवाड्याला २२६ किंवा २२७ खाली हायकोर्टात आव्हान देता येते. मालक खाजगी असला तरी चालते, कारण तपासायचा असतो तो न्यायालयाचा निवाडा. हे आव्हान कधीही काढून घेता येणार नाही, कारण उच्च न्यायालयाचा हा अधिकार राज्यघटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे, असे सात न्यायाधीशांच्या पीठाने १९९७ साली सांगून ठेवले आहे.

पण हे अपील नव्हे. हा फरक समजावून सांगण्यात आमचे निम्मे शनिवार जातात. अपिलात वरचे न्यायालय पुरावा नव्याने तोलते. रिटमध्ये ते एवढेच पाहते की खालचे न्यायालय आपल्या अधिकारात राहिले का, दोन्ही बाजूंना ऐकले का, आणि निवाड्यात कायद्याची उघड चूक आहे का. याची आखणी साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका निकालात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी केली, ती आजही उद्धृत होते. गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले आणि १९६६ साली नेमलेल्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षही झाले. कामगार कायदा ज्यांनी घडवला त्यांत त्यांचे नाव वरचे आहे. त्यांनी सांगितलेले सूत्र असे: साक्षीदारावर विश्वास ठेवला तो चुकला, एवढ्याने निवाडा रिटमध्ये मोडत नाही. पण निष्कर्षाला काहीच पुरावा नसेल, किंवा ग्राह्य पुरावा नाकारला असेल, किंवा अग्राह्य पुराव्यावर भिस्त ठेवली असेल, तर ती कायद्याची चूक ठरते.

याचा व्यवहारातला अर्थ काय? जे कागद लेबर कोर्टाच्या फायलीत नाहीत, ते हायकोर्टात सहसा उपयोगी पडत नाहीत. एक उदाहरण घ्या. कामगाराने वर्षात २४० दिवस काम केले असेल, तर त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई दिल्याशिवाय कमी करता येत नाही. पण २४० दिवस भरले हे सिद्ध कोणी करायचे? सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की कामगाराने. नुसते शपथेवर सांगून भागत नाही. मग गरीब माणसाने हजेरीपट कुठून आणायचा, तो तर मालकाच्या कपाटात! त्यावर २००५ साली न्यायालयाने वाटही दाखवली: लेबर कोर्टात अर्ज करून मालकाकडून हजेरीपट आणि पगारपत्रक मागवा. मागवूनही त्याने आणले नाही, तर परिस्थिती पाहून कोर्ट त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकते. म्हणजे तो एका पानाचा अर्ज खाली केलेला हवा. तो नसेल, तर वर जाऊन मोठ्यात मोठा वकील उभा केला तरी रिकाम्या फायलीतून काय काढणार?

ही रीत आपल्याच देशाची आहे असे नाही. आपल्यापैकी काहींची मुले जर्मनीत नोकरीला आहेत, म्हणून सांगतो. तिथे कामगार न्यायालयांच्या तीन पायऱ्या आहेत, सर्वांत वरचे न्यायालय एरफुर्ट शहरात आहे. त्या संपल्यावर कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात घटनात्मक तक्रार करता येते, तीही एका महिन्यात. त्यासाठी फी सहसा लागत नाही. पण ते न्यायालयही सांगते की आम्ही चौथी अपिली पायरी नाही, मूलभूत हक्क कुठे मोडला ते दाखवा. बहुतेक तक्रारी तिथेच थांबतात. तरी एखादी मोठे काम करून जाते. ठरावीक मुदतीच्या नोकऱ्यांवर संसदेने घातलेले एक बंधन एरफुर्टच्या न्यायालयाने अर्थ लावता लावता सैल केले होते. २०१८ साली कार्ल्सरूहने ते थांबवले: कायदेमंडळाने जे ठरवले ते न्यायाधीशांनी बदलायचे नाही. एका कामगार न्यायालयाने केलेली विचारणा आणि एक घटनात्मक तक्रार, या दोन्हींवर मिळून तो निर्णय झाला.

आता आम्ही सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. राज्यघटनेचा दरवाजा कामगाराला उघडा आहे, तसा मालकालाही उघडा आहे. आणि लेबर कोर्टात कामगार जिंकला की तो दरवाजा मालकच ठोठावतो. त्याच्याकडे वकील असतात, वेळ असतो, पैसा असतो. कामगाराकडे असतो तो निवाड्याचा कागद.

आमच्याकडे आलेल्या एका फिटरची गोष्ट सांगतो. चौदा वर्षांची नोकरी, गैरहजेरीच्या आरोपावरून बडतर्फी. लेबर कोर्टाने त्याला कामावर घेण्याचा आणि निम्मे मागील वेतन देण्याचा निवाडा दिला. घरी पेढे वाटले गेले. दोन-अडीच महिन्यांनी हायकोर्टाची नोटीस आली, पाठोपाठ निवाड्याला स्थगिती मिळाली. त्याला वाटले, स्थगिती म्हणजे सगळे संपले. बायकोच्या शिवणकामावर घर चालले, थोरल्या मुलीचे कॉलेज थांबले. तीन वर्षांनी तो फाइल घेऊन केंद्रात आला तो पीएफ काढता येईल का विचारायला! फाइल चाळली, तर तीन वर्षांत एक अर्ज करायचा राहून गेला होता, आणि तो करता येतो हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

तो अर्ज कलम १७-ब चा. हे कलम १९८४ साली अमलात आले. लेबर कोर्टाने कामावर परत घेण्याचा निवाडा दिला आणि मालक त्याविरुद्ध उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर ते प्रकरण चालू असेपर्यंत मालकाने कामगाराला त्याचे शेवटचे पूर्ण वेतन द्यायचे. अट एकच: आपण दुसरीकडे कुठेही नोकरीला नाही, असे प्रतिज्ञापत्र कामगाराने त्या न्यायालयात द्यायचे. तो पुरेशा पगारावर दुसरीकडे काम करतो, हे मालकाने सिद्ध केले तर मात्र हे वेतन मिळत नाही.

१९९७ साली देना बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ सांगितला. शेवटचे वेतन म्हणजे नोकरी गेली त्या वेळचे, आज नोकरीत असता तर मिळाले असते ते नव्हे. पण योग्य वाटल्यास जास्त रक्कम देण्याचा आदेश उच्च न्यायालय आपल्या घटनात्मक अधिकारात देऊ शकते. आणि ही रक्कम पोटापाण्यासाठी आहे, म्हणून पुढे निवाडा रद्द झाला तरी ती परत मागता येत नाही.

म्हणजे स्थगिती मिळाली तरी चूल विझू नये, अशी सोय कायद्याने करून ठेवली आहे. पण ती आपोआप चालू होत नाही, मागावी लागते. त्या फिटरचा अर्ज मंजूर झाला आणि दरमहा रक्कम सुरू झाली. ती बडतर्फीच्या काळातल्या पगाराची, म्हणून आजच्या महागाईत तोकडीच. मागच्या तीन वर्षांच्या रकमेवर मात्र वाद झाला. उशीर झाला की तो होतोच. म्हणून हायकोर्टाची नोटीस हातात पडली की पहिल्या तारखेलाच हा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा, असे आमचे कळकळीचे सांगणे आहे.

हायकोर्टात मालकाचे म्हणणे मान्य झाले तरी वाट संपत नाही. पंजाब राज्य वखार महामंडळाच्या एका कामगाराला लेबर कोर्टाने निम्म्या मागील वेतनासह कामावर घ्यायला सांगितले होते. उच्च न्यायालयाने ते बदलून नुसती नुकसानभरपाई ठेवली. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेबर कोर्टाचा निवाडा पुन्हा उभा केला आणि सांगितले की कामगार कायद्याच्या प्रकरणांत २२६ आणि २२७ खालचे अधिकार वापरताना राज्यघटनेतले सामाजिक न्यायाचे उद्दिष्ट उच्च न्यायालयांनी डोळ्यांआड करू नये. आम्ही आमच्या अर्जांत या निकालाचा आधार आवर्जून घेतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. नोकरी गेल्यावर आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. १९४७ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार ४५ दिवसांत मार्ग निघाला नाही, तर कामगाराला स्वतः लेबर कोर्टात जाता येत असे, मात्र नोकरी गेल्यापासून तीन वर्षांच्या आत. रिटला अशी आकड्यातली मुदत नाही, पण विनाकारण उशीर केला तर तेवढ्यावरच ती फेटाळली जाऊ शकते. मध्य प्रदेशात आणखी एक बारकावा आहे: २००५ च्या राज्य कायद्याप्रमाणे एका न्यायाधीशाने २२६ खाली दिलेल्या निकालावर दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे अपील होते, २२७ खालच्या आदेशावर होत नाही. म्हणून याचिकेच्या मथळ्यावर कोणते कलम आहे, हे वकिलाला विचारायला लाजू नये.

आणि पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात मोफत वकील मिळण्यास पात्र असलेल्यांच्या यादीत औद्योगिक कामगाराचा स्पष्ट उल्लेख आहे. इंदूर खंडपीठातही विधी सेवा समिती आहे. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

जाता जाता पुढचे. संसदेने २०१९ आणि २०२० साली मंजूर केलेल्या चार कामगार संहिता २०२५ साली अमलात आल्या. त्यांनुसार लेबर कोर्टाच्या जागी एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य असलेले न्यायाधिकरण येईल. पाटी बदलेल, कलमांचे आकडे बदलले. पण न्यायाधिकरणावर उच्च न्यायालयाची नजर राहील, कारण ती राज्यघटनेने ठेवली आहे. आणि त्या नजरेपुढे मांडायची फाइल खालीच तयार करावी लागेल, हेही बदलणार नाही.

म्हणून नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफची स्लिप, ईएसआयचे कार्ड, आलेली प्रत्येक नोटीस आणि तिचा लिफाफासुद्धा जपून ठेवा. आपल्या घरात कोणी नोकरीला लागले असेल, तर त्यालाही आजच सांगा. राज्यघटनेचा दरवाजा मोठा आहे, आणि त्यातून आत जाताना हातात लागतात ते हेच लहान कागद. आमचे केंद्र दर शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या वाचनालयात उघडे असते. फाइल घेऊन या, चहा आम्ही पाजू.